जाड पाठीचा वस्तरा

म्हैसूरच्या अग्रहारात, एकशे एक गणपतींच्या देवळापासून जवळच, एका जुन्या देशस्थ घरी गेलो होतो. घरातले मराठी कानडी वळणाचे, पण कान लावला की सगळे कळते. यजमानांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला. "आजोबांचा. उघडतो का बघा." उघडला, पण कुरकुरत. शिंगाच्या मुठीला कसर लागलेली, पात्यावर तांबेरा, आणि त्याखाली पुसट शिक्का: शेफील्ड, सिल्व्हर स्टील.

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक अर्ध्या पात्याच्या वस्तऱ्यावर वाढलेले. ते योग्यच झाले. कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचा धोका कळल्यावर एकच वस्तरा दहा गालांवर फिरवणे थांबायलाच हवे होते. पण वस्तरा गेला तसा दगडही गेला, हे मात्र माझ्या मनाला लागते. पूर्वीच्या धोकटीत वाटी, चिमटा, आरसा यांच्या जोडीला सहाण असे आणि ती चालवणारा हात असे. आज पाते बोथट झाले की आपण टाकून देतो. धार म्हणजे काय, हे बोटाला कळेनासे झाले आहे.

अग्रहारातला तो वस्तरा पाचरीच्या घाटाचा होता. पाठ जाड, आणि पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही अंगे जवळजवळ सरळ उतरलेली. जर्मनीतल्या सोलिंगेनचे पोटाला खोलगट घासलेले वस्तरे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सगळीकडे पसरले, त्याआधीची ही घडण. खोलगट पाते गालावर गाते. पाचरीचे पाते मुके असते, पण राठ दाढीत ते थरथरत नाही आणि आपल्या वजनानेच पुढे सरकते.

शिक्क्याचे वाचन करताना एक इशारा. नुसते 'शेफील्ड' असेल तर वस्तरा १८९१ च्या आधीचा आणि 'इंग्लंड' जोडलेले असेल तर नंतरचा, असे सांगणारे भेटतात. मालावर देशाचे नाव घालण्याचा तो नियम अमेरिकेच्या आयातीचा. आपल्याकडे उतरलेल्या मालाला तो डोळे झाकून लावू नये.

'सिल्व्हर स्टील'ची गोष्ट मात्र म्हैसूरकरांनाही सांगावी अशी आहे. या मुलखात मुशीत पोलाद करत. फ्रान्सिस बुकानन १८००-०१ मध्ये इथून फिरला, तेव्हा त्याने लोखंडाचे तुकडे तरवडाच्या काड्यांसह मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत घालताना पाहिले. कानडीत या पोलादाला उक्कू म्हणतात. इंग्रजांच्या कागदात त्याचे 'वुट्झ' झाले. १७९४ मध्ये हेलेनस स्कॉट या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडले. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरी-कात्री करणाऱ्याने ते हाताळले आणि पुढे मायकल फॅरेडेला जोडीला घेऊन तसे पोलाद साधण्याची खटपट केली. त्या प्रयोगांत पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी हे मिश्रण चांगले उतरले. मग शेफील्डच्या कारखानदारांनी वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' ठोकायला सुरुवात केली. शिक्का आहे म्हणजे चांदी आहेच असे नव्हे. जाहिरात तेव्हाही होती. पण उक्कूच्या मुलखातून निघालेली कीर्ती शेफील्डचा शिक्का होऊन अग्रहारातल्या ट्रंकेत परत आली, याची मला मौज वाटली. आणि तरवडाची साल कातडे कमावायला वापरतात, म्हणजे वस्तऱ्याच्या पट्ट्याशीही त्या झुडपाचे नाते आहेच.

आता कामाचे. असा वस्तरा हाती आला की पहिला मोह होतो तो फिरत्या चाकावर धरून आरशासारखा करण्याचा. कृपा करून करू नका. चाकावर पात्याची बारीक धार क्षणात तापते. निळसर झाक दिसली की तिथले पाणी उतरले, मग जन्मभर घासा, धार टिकणार नाही. शिवाय शिक्का पुसला जातो आणि कडा गोल होतात. बाजारात असे चकचकीत मुडदे भरपूर आहेत. आधी तेलात भिजवा, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यासह हाताने चालवा. तांबेरा काढायचा, काळेपणा राहिला तर राहू द्यायचा. गंजाचा खड्डा धारेवरच असेल तर तेवढे पाते घासून मागे न्यावे लागते. चीर असेल तर मात्र वस्तरा भिंतीवर टांगा, गालाला लावू नका.

पाचरीची खरी अडचण दगडावर येते. पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार यांबरोबर मधले अंगही टेकते. तासभर घासा, धारेला काही लागत नाही. अग्रहारातल्या पात्याची रुंदी २२ मिमी आणि पाठ साडेसहा मिमी होती, म्हणजे धारेचा कोन सुमारे १७ अंश. पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक पदर लावली की कोन जेमतेम पाऊण अंशाने वाढतो, पण अंग उचलले जाते आणि फक्त धार टेकते. पट्टी झिजली की बदलायची. १००० च्या दगडावर दोन्ही बाजूंचा उतार धारेच्या टोकापर्यंत जुळेतो हलायचे नाही. घाई करणारे इथेच फसतात. मग ४०००, ८०००, आणि हौस असेल तर १२०००. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. पट्ट्यावर पन्नास-साठ हात, पट्टा ताणलेला, मनगट सैल.

मूठ शिंगाची असेल तर दुरुस्त करा, हस्तिदंताची असेल तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या माहीत असाव्यात.

मी हात चालवत असताना घरातल्या आजी बाजूला बसल्या होत्या. त्यांनी विचारले, हाच वस्तरा त्यांच्या आजेसासूबाईंच्या डोक्यावरून फिरला असेल का. मी थांबलो. अग्रहार म्हणजे ब्राह्मणवस्ती, आणि विधवांच्या केशवपनाला हात आपले, नाभिकांचेच लागत. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने ते काम नाकारले, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

वस्तरा आता तिथल्या नातवाकडे आहे, फक्त त्याच्याच दाढीसाठी. सलूनमध्ये असा वस्तरा गिऱ्हाइकाला लावू नका. ज्याचा त्याला नीट करून द्या आणि दगडावरच्या वेळेचे पैसे न लाजता मागा. नातवाला पहिल्या दिवशी फक्त कल्ल्याखालची दोन बोटे करायला सांगितले. कातडी ताणलेली, पाते गालाशी तीस अंशांवर, दाब अजिबात नाही. तरी त्याने हनुवटीला हात घातलाच. तुरटी मी जवळच ठेवली होती.