पोथीला कुदळीचा दाखला कशाला?

साहित्याच्या वर्गात महाभारत शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो : हे खरोखर घडले होते का? प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा प्रामाणिक असतो. उत्तर देणारे आम्ही तितके प्रामाणिक असतोच असे नाही. आमच्यापैकी काहीजण 'उत्खननाने ते आता सिद्ध झाले आहे' असे ठोकून देतात. काहीजण 'सगळ्या भाकडकथा आहेत' म्हणून हात झटकतात. उरलेले घड्याळाकडे पाहून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. यांतले पहिले उत्तर खोटे आहे, दुसरे आळशी आहे आणि तिसरे भित्रे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या तिन्ही उत्तरांत एक समान गोष्ट अशी की, त्यांत ग्रंथ वाचण्याची गरजच उरत नाही.

धर्मग्रंथांची ऐतिहासिकता तपासण्याचा उद्योग सर्वांत आधी आणि सर्वांत निष्ठुरपणे झाला तो बायबलच्या बाबतीत. म्हणून आधी तिकडे पाहू.

यार्देनच्या खोऱ्यातील यरीहो या नगराची तटबंदी यहोशवाच्या सैन्याने शिंगे फुंकताच कोसळली, अशी जुन्या करारातील कथा आहे. जॉन गार्स्टँग यांनी १९३० ते १९३६ या काळात तेथे उत्खनन केले. त्यांना पडलेली तटबंदी सापडली आणि ती यहोशवाच्याच काळातील, म्हणजे इ.स.पू. १४००च्या सुमाराची, असे त्यांनी जाहीर केले. श्रद्धावंतांना हवा असलेला पुरावा मिळाला. पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी त्याच टेकाडावर अधिक काटेकोर पद्धतीने, मातीचा एकेक थर वेगळा करीत काम केले. गार्स्टँग यांची ती भिंत सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. त्यानंतरचे तटबंदीचे नगर इ.स.पू. १५५०च्या सुमारास जळून गेले होते. आणि इस्राएली लोकांच्या आगमनाचा जो काळ बहुतेक अभ्यासक मानीत होते, त्या काळात तेथे पाडण्याजोगी तटबंदीच नव्हती. त्याच कथेतील 'आय' या दुसऱ्या नगराचे स्थान मानले गेलेले टेकाड तर त्या काळापूर्वी हजाराहून अधिक वर्षे ओसाड पडलेले आढळले.

येथे थांबून टाळ्या पिटणाऱ्यांसाठी गोष्टीचा उरलेला भागही सांगायला हवा. १९९३ साली तेल दान येथे इ.स.पू. नवव्या शतकातील एक शिलालेख सापडला आणि त्यात 'दावीदाचे घराणे' असा उल्लेख मिळाला. दावीद हा केवळ कल्पनेतला राजा, असे म्हणणाऱ्यांना आपले म्हणणे मागे घ्यावे लागले, निदान मवाळ तरी करावे लागले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर केलेली स्वारी घ्या. बायबल ती सांगते, अश्शूरी लेख सांगतात, निनवेच्या राजवाड्यातील शिल्पपटांत लाखीशचा वेढा कोरलेला आहे आणि खुद्द लाखीशच्या मातीत त्या विध्वंसाचा थर आहे. म्हणजे एकाच ग्रंथातील एक गोष्ट उत्खननात टिकत नाही आणि दुसरी चार बाजूंनी टिकते. ग्रंथ खरा की खोटा, हा प्रश्नच मुळात चुकीचा बांधला गेला आहे. ग्रंथ एकजिनसी नाही. त्यात शतकानुशतकांचे थर आहेत आणि प्रत्येक थराला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

हे थर प्रथम कुदळीने शोधले नाहीत, वाचकांनी शोधले. नोहाने तारवात प्रत्येक जातीची एकेक जोडी घेतली असे एके ठिकाणी येते. दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या येतात. देवाला कुठे एका नावाने संबोधले जाते, कुठे दुसऱ्या. १७५३ साली झाँ आस्त्र्यूक नावाच्या फ्रेंच वैद्याने या दोन नावांच्या आधारे मजकुराचे धागे वेगळे करून पाहिले. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेनने त्यावर इमारत उभी केली. त्या इमारतीच्या कित्येक भिंती आज पडल्या आहेत, पण पाया टिकून आहे. हे काम म्हणजे बारकाईने केलेले वाचनच होय, जे साहित्याच्या विद्यार्थ्याकडून आपण अपेक्षितो.

आता आपल्या अंगणात येऊ.

ब्रजवासी लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात मेरठजवळच्या हस्तिनापूर येथे उत्खनन केले. त्यांना एका थरात करड्या रंगाची, नक्षी काढलेली भांडी मिळाली आणि त्या वस्तीचा काही भाग गंगेच्या पुराने वाहून गेल्याच्या खुणाही मिळाल्या. निचक्षू राजाच्या काळी गंगेने हस्तिनापूर गिळले आणि राजधानी कौशांबीला हलली, असे पुराणे सांगतात. लाल यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. तर्क विचार करण्याजोगा आहे आणि तो मांडणारा माणूस जाणता होता. पण त्या तर्कातून निघते काय? भारतीय युद्ध इ.स.पू. ९००च्या आसपास येते आणि कौरवांची राजधानी ही कुडामातीच्या घरांची वस्ती ठरते. मयसभेचे स्फटिक त्यात कुठेही नाहीत. शिवाय तशी भांडी उत्तर भारतात शेकडो ठिकाणी मिळाली आहेत आणि भांड्यावर धन्याचे नाव नसते.

'लाल यांनी महाभारत सिद्ध केले' असे म्हणणारे बहुतेक लोक त्याच दमात युद्धाची तारीख इ.स.पू. ३१०२ किंवा तिच्या आसपासची सांगतात. या दोन विधानांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एकाचा पुरावा दुसऱ्याला मारतो, हे त्यांच्या गावीही नसते. कारण त्यांना पुरावा नको असतो, दाखला हवा असतो. सरकारी कचेरीत मिळतो तसा, शिक्का मारलेला. २०१८ साली सिनौली येथे तांब्याने मढवलेल्या गाड्या सापडल्या, तेव्हाही हेच झाले. त्या रथ होत्या की बैलगाड्या यावर जाणकारांचा वाद सुरू होण्याआधीच त्या कौरव-पांडवांच्या नावे जमा झाल्या. सिनौलीची दफने इ.स.पू. २०००च्या आसपासची सांगितली जातात. म्हणजे ती ३१०२शीही जुळत नाहीत आणि ९००शीही नाहीत.

तारखांचा बाजार तर विलक्षण आहे. ऐहोळेच्या शिलालेखात, पुलकेशीच्या दरबारातील कवी रविकीर्तीने, भारतीय युद्धाला ३७३५ वर्षे झाली असे म्हटले आहे. लेख इ.स. ६३४चा. त्यावरून ३१०२ हे वर्ष येते आणि 'शिलालेखाचा पुरावा' म्हणून ते पुढे केले जाते. शिलालेख अस्सल आहे यात शंका नाही; पण साडेतीन हजारांहून अधिक वर्षांनंतर लिहिलेली ओळ ही सातव्या शतकातील लोक काय मानीत होते याचा पुरावा असते, युद्धाचा नव्हे. ग्रहस्थितींवरून गणित मांडणाऱ्यांनी इ.स.पू. ५५६१पासून पुढे पाहिजे ती वर्षे काढली आहेत. आकाश तेच, श्लोकही तेच आणि उत्तरांत हजारो वर्षांचा फरक! असे गणित संगणकावर केले म्हणून शास्त्र होत नाही. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' १८९३ साली लिहिले, तेव्हा निदान आपण कोणता आधार घेतो आहोत आणि त्याला हरकत काय येऊ शकते, हे मांडण्याची शिस्त होती.

आणि ती अठरा अक्षौहिणी सेना! एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अठराने गुणले की कुरुक्षेत्रावर ३,९३,६६० हत्ती उभे राहतात. इतिहास म्हणून हे वाचणाऱ्याने त्यांच्या चाऱ्यापाण्याचा विचार करावा. साहित्य म्हणून वाचणाऱ्याला मात्र दुसरे काही दिसेल. एका अक्षौहिणीतल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज अठरा येते. पर्वे अठरा, युद्धाचे दिवस अठरा, अक्षौहिणी अठरा, गीतेचे अध्याय अठरा. ही रचना आहे, कोणीतरी विचारपूर्वक बांधलेली. हत्तींची हाडे शोधत बसणाऱ्याच्या हातून नेमकी हीच रचना निसटते.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ही चिकित्सा पाश्चात्त्यांची देणगी आहे, आपल्या परंपरेत ती नव्हती. हा आक्षेप घेणाऱ्यांना आपली परंपरा ठाऊक नसावी. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ निर्मळ, पण पाठभेदांनी गढूळ झालेला, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यात यापुढे कोणी पदरच्या ओव्या मिसळू नयेत, अशी ताकीद त्यांनी दिली. नाथांची ज्ञानेश्वरांवरील भक्ती कमी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? गोदाकाठच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीला महाभारतावर टीका लिहिली, तीही निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून, पाठ ताडून पाहून. धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने गोवा सोडून देशोदेशी भटकले. पण 'भगवान बुद्ध' लिहिताना त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची लाडकी कथा बाजूला ठेवली, कारण पालि ग्रंथांचे जुने थर तिला आधार देत नव्हते. बुद्धावरची त्यांची निष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे शब्द कोणते आणि इतरांनी त्याच्या तोंडी घातलेले कोणते, हे जाणून घ्यावेसे वाटणे ही प्रेमाचीच खूण आहे.

या परंपरेतले सर्वांत मोठे काम पुण्यात झाले. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५पासून या कामाची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखटणकर ते पुरे होण्याच्या कितीतरी आधी, १९४३ साली, गेले. सिद्ध झालेली संहिता म्हणजे व्यासांची मूळ वाणी, असा दावा सुखटणकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके आपण गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे. या संयमाची तुलना तारीख-वार सांगणाऱ्यांच्या आत्मविश्वासाशी करून पाहावी.

या आवृत्तीत गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावाही मुख्य संहितेत राहिला नाही. संपादकांनी काहीही फेकून दिले नाही. जे उशिरा आले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. आता वाचकाच्या हाती दोन द्रौपदी आहेत. एक भर सभेत एकटी उभी राहून, स्वतःला आधी हरलेल्या पतीला आपल्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असे विचारते. भीष्मालाही तिचे उत्तर देता येत नाही. दुसरी कृष्णाला हाक मारते. पहिलीचे एकटेपण पुढच्या पिढ्यांतील भक्तांना सोसवले नाही, म्हणून त्यांनी तिला कृष्ण दिला, असे आम्हांस वाटते. यातली 'खरी' कोणती हे विचारून काय मिळणार? दोघी खऱ्या आहेत, आपापल्या शतकात. इरावती कर्व्यांचे 'युगान्त' याच संहितेच्या आधाराने उभे राहिले आणि पोथी चिकित्सेतून गेली की किती जिवंत होते, हे मराठी वाचकाला १९६७ सालीच कळले.

म्हणून आमचा झगडा श्रद्धेशी नाही. विठ्ठलापुढे उभा राहणारा वारकरी मूर्तीचे वय विचारीत नाही आणि त्याने ते विचारावे असे आम्हीही म्हणत नाही. झगडा आहे तो श्रद्धेला विज्ञानाचा उसना अंगरखा चढवणाऱ्यांशी. ज्याने पोथी कुदळीच्या हवाली केली, त्याला कुदळीचा प्रतिकूल निकालही मान्य करावा लागेल. तो आला की हीच मंडळी भावना दुखावल्याची तक्रार करतात. जानेवारी २००४मध्ये, शिवचरित्रावरील एका पुस्तकाच्या निमित्ताने, याच भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन पोथ्या आणि पुस्तकांची नासधूस झाली. आपल्या पूर्वजांचा अभिमान सांगत पूर्वजांच्याच पोथ्या तुडवल्या गेल्या. अभ्यासाच्या जागी दाखला मागण्याची सवय लागली की गाडी कुठवर जाते, हे त्या दिवशी दिसले.

झगडा आमचा आमच्याशीही आहे. किती मराठी विभागांत चिकित्सित आवृत्तीचे एक पान, तळटीपांसह, विद्यार्थ्यांपुढे ठेवले जाते? पाठभेद म्हणजे काय, प्रक्षेप कसा ओळखतात, हे न शिकता पदव्युत्तर पदवी मिळते आणि मग तोच पदवीधर सभेत कोणी 'सिद्ध झाले आहे' म्हटले की मान डोलावतो.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला तर घड्याळाकडे पाहू नये. सभापर्वातील तो एक प्रसंग निवडावा, मुख्य संहिता आणि तळटीप दोन्ही फळ्यावर लिहाव्यात आणि विद्यार्थ्यालाच विचारावे : कोणी, केव्हा आणि का हे इथे आणून ठेवले असेल? तास पुरणार नाही. पुढचाही घ्यावा.