बरा झालेला माणूस वृद्धाश्रमात कशासाठी?

कुणाची अक्कल काढायची झाली की महाराष्ट्रात ठाणे, येरवडा नाहीतर रत्नागिरीचे नाव घेतले जाते. आमच्या रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. थट्टा करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. अशा इस्पितळांत आजार आटोक्यात आलेली, डॉक्टरांनी घरी जाण्यास हरकत नाही म्हटलेली माणसेही असतात. त्यांत ऐन तिशी-चाळिशीतले स्त्री-पुरुष असतात. त्यांना न्यायला कुणी येत नाही, एवढाच त्यांचा आजार उरलेला असतो.

या माणसांचे शासनाने काय केले? महाराष्ट्रात त्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलविले जात होते. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत ही बाब पुढे आली, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार ताबडतोब थांबवा, असे राज्याला बजावले. जुन्याच वृद्धाश्रमावर 'हाफ वे होम' अशी नवी पाटी लावणे म्हणजे कायद्याचे पालन नव्हे, हेही न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केले.

काही सज्जन विचारतील, डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे अन्न मिळते, मग बिघडले कुठे? बिघडले ते असे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ज्येष्ठ म्हणजे साठ वर्षे पूर्ण झालेला. पस्तिशीच्या माणसाला तिथे बसविणे म्हणजे तुझे आयुष्य संपले, असे त्याला सांगणे. त्याने काम करायचे नाही, चार पैसे कमवायचे नाहीत, संसाराचे स्वप्न पाहायचे नाही. आणि भिक्षेकरी गृह? ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नाही, त्याला गरिबीपायी भिकारी ठरविणे हा कुठला न्याय?

कायदा तर स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १९ सांगते की, घरचे नाहीत, घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही इस्पितळात ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजातच राहण्याची सोय शासनाने करायची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५ तर ही मदत देताना वय आणि लिंग लक्षात घ्या, असे बजावते. म्हणजे आम्ही मागतो ती भीक नाही, हक्क आहे.

आणि हे अशक्यही नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने 'होम अगेन' या उपक्रमात साध्या वस्तीत घरे भाड्याने घेतली. एकेका घरात चार-पाच जण राहतात, स्वयंपाक करतात, बाजारहाट करतात, जमेल ते काम करतात. मदतीला एक कार्यकर्ती असते. हा उपक्रम रत्नागिरीतही आला. इस्पितळातल्या खाटेवर शासन खर्च करतेच. तोच पैसा अशा घरांकडे वळवायला इच्छाशक्ती लागते, दुसरे काही नाही.

मागे कोण राहतो, हेही पाहिले पाहिजे. पैसेवाला आपले माणूस खाजगी दवाखान्यात नेतो, घरी नोकर ठेवतो. कोकणातल्या आमच्या वाडीत कर्ता मुलगा मुंबईला, गावी म्हातारी आई आणि एका खोलीचे घर. ती कुणाच्या जिवावर त्याला परत आणणार? पण सगळा दोष गरिबीवर टाकून आम्हाला सुटता येणार नाही. वकिली करताना आम्ही पाहतो. वारसनोंदीच्या वेळी 'एक भाऊ इस्पितळात आहे' हे दबक्या आवाजात सांगितले जाते आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव येत नाही. घरचा हक्क आधी घरातच बुडतो.

बाबासाहेबांना बडोद्यात पारशी वसतिगृहातून बाहेर काढले, शहरात कुणी आसरा दिला नाही, हे सांगताना आजही आमचा कंठ दाटून येतो. मग उद्या आमच्या बौद्धवाडीत अशा चौघांसाठी कुणी घर भाड्याने मागितले, तर आम्ही काय उत्तर देणार? 'वेडे इथे नकोत' म्हणणार असू, तर बडोद्याच्या त्या लोकांत आणि आमच्यात फरक काय? तथागतांनी आजारी पडलेल्या, सोबत्यांनी टाकलेल्या भिक्षूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला एकमेकांच्या शुश्रूषेचा नियम घालून दिला. ही कथा विहारात सांगून भागणार नाही.

म्हणून गावशाखांनी आणि मुंबई शाखांनी तीन कामे हाती घ्यावीत. बरे होऊनही इस्पितळात अडकलेले किती, त्यांचे वय काय, वृद्धाश्रमात किती धाडले, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. ज्यांचा घरात हिस्सा आहे, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावेत. आणि जिल्ह्यात अशी घरे उभारण्यासाठी निधीची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरावी. चौथे काम मात्र अर्जाने होणारे नाही. आपल्या शेजारचे दार त्यांच्यासाठी आपणच उघडायचे आहे.

जयभीम!