योग्य केबल आणि शुद्ध पाठ

साहित्यविचाराच्या या पानावर जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या केबलींचा विषय काढणे काहींना औचित्यभंग वाटेल. परंतु पाठचिकित्सेच्या तासाला जो प्रश्न आम्हांला विद्यार्थ्यांपुढे नेमका मांडता येत नव्हता, तो या केबलींनी अगदी डोळ्यांना दिसेल असा उभा केला; म्हणून हे टिपण.

१९८८ साली जपानमध्ये आलेल्या सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’चेच उदाहरण घेऊ. हे यंत्र एकच चित्र एकाहून अधिक रूपांत बाहेर पाठवते. एक कंपोझिट, म्हणजे आपल्या परिचयाची पिवळी पिन. तिच्यात प्रकाश आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, त्यामुळे कडा विरघळतात आणि शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. दुसरे आरजीबी. त्यात तांबडा, हिरवा आणि निळा हे स्वतंत्र तारांनी येतात आणि ठिपका न् ठिपका सुटा दिसतो. युरोपातील टीव्ही संचांवर एकवीस पिनांची स्कार्ट जोडणी असे, त्यामुळे तेथे आरजीबी चित्र घरी पाहणे शक्य होते. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात येथे टीव्ही गेम खेळले ते अँटेनाच्या वायरीवर किंवा पिवळ्या पिनेवर.

आज जुनी यंत्रे जपणाऱ्यांचा कौल बहुधा आरजीबीच्या बाजूने पडतो. ते चित्र उगमाच्या अधिक जवळचे, म्हणून तेच खरे, असा हा युक्तिवाद. मराठीच्या अभ्यासकांना तो अपरिचित नाही. मात्र आमच्या मते तो अर्धाच खरा आहे.

१९९१चा ‘सोनिक द हेजहॉग’ पाहावा. त्याच्या पहिल्याच भागात धबधबे आहेत. खऱ्या अर्थाने पारदर्शक रंग दाखवण्याची सोय या यंत्रात नव्हती; म्हणून हे पाणी उभ्या, एकाआड एक रेघांनी रंगवलेले आहे. पिवळ्या पिनेवर त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पलीकडचे दृश्य दिसू देणारे पाणी तयार होते. आरजीबीवर मात्र पाणी नाहीसे होऊन रेघा उरतात. म्हणजे अधिक शुद्ध प्रत वाचणाऱ्याला येथे कमी अर्थ हाती लागतो. हा केवळ आजचा प्रश्न नव्हे. स्कार्टची आरजीबी केबल वापरणाऱ्या युरोपीय मुलाला १९९१ सालीही रेघाच दिसत होत्या. ‘मूळ वाचकाने काय पाहिले?’ या प्रश्नाला तेव्हाही एक उत्तर नव्हते.

निन्टेंडोच्या घरगुती ‘एनईएस’ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यातील चित्र घडवणारी चिप थेट कंपोझिट सिग्नलच तयार करते. त्यामागे आरजीबीची कोणतीही ‘मूळ प्रत’ दडलेली नाही. यंत्रात नवा भाग बसवून आरजीबी मिळवता येते. पण मग कोणता रंग नेमका कसा दिसावा, हे ते काम करणाऱ्यालाच ठरवावे लागते. संपादकाने तर्काने पाठ सिद्ध करावा, तसेच हे. तर्क समर्थनीय असू शकतो; त्याला ‘मूळ’ म्हणणे मात्र गैर.

तर मग ज्याला जी आवडेल ती केबल योग्य, असे म्हणायचे काय? मुळीच नाही. आमच्या वर्गांत ‘प्रत्येकाचा आपला अर्थ’ हे वाक्य फार स्वस्त झाले आहे, म्हणून हा मुद्दा आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. जपानी एकवीस पिनांचा प्लग आणि युरोपीय स्कार्ट दिसायला सारखेच. आतली जोडणी मात्र निराळी. एकाच्या जागी दुसरा लावल्यास उपकरणाला इजा पोहोचू शकते. ‘सुपर निन्टेंडो’चा प्लग सर्वत्र सारखाच, पण अमेरिकी आणि जपानी यंत्राच्या आरजीबी केबलीत रंगांच्या तारांवर कपॅसिटर लागतात, युरोपातील पाल यंत्राच्या केबलीत रेझिस्टर. अदलाबदल झाली की पाल यंत्राचे चित्र भगभगीत होते. पिवळी पिन की आरजीबी, हा वाद दोन समर्थनीय पाठांमधला आहे. भगभगीत चित्र हा पाठभेद नव्हे, तो प्रमाद आहे. पाठ अनेक असू शकतात, यावरून चुकीचा पाठ नसतोच असे सिद्ध होत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण दरवर्षी शिकवतो. ‘शुद्ध’ म्हणजे कशाच्या तुलनेत, हे मात्र क्वचितच विचारतो. केबल निवडणाऱ्याला ते टाळता येत नाही. यंत्रातून काय निघते, करणाऱ्याने पडद्यावर काय गृहीत धरले आणि पाहणाऱ्यांना काय दिसले, हे तीन प्रश्न त्याला वेगवेगळे विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरे जुळतीलच असे नाही.

आमची निवड सांगतो: सोनिकसाठी पिवळी पिन, बारीक अक्षरांतला मजकूर वाचायचा असेल तेथे आरजीबी, आणि कोणती केबल लावली आहे, हे पाहणाऱ्याला आधीच सांगायचे. वर्गात एखादी आवृत्ती हाती घेताना एवढे तरी आपण सांगतो काय?