काम करायचं तर शिकवलं कशाला?

आमचे दाजी वाईट माणूस नव्हेत. जळगावला त्यांच्या घरी गेलं की वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि 'अजून घ्या' यांत कधी कसूर होत नाही. पण गेल्या हिवाळ्यात भरताच्या दुसऱ्या वाढपाबरोबर त्यांनी असं एक वाक्य वाढलं, की माझा घास घशातच राहिला. विषय माझ्या भाचीचा होता. पोरगी डिप्लोमा झालेली. वर्षभर शिकाऊ उमेदवारी करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चिकटलेली. नोकरदारांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळेला इंजिनिअरिंगच्या पदवीचे वर्ग भरवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२३ साली मुभा दिली. तसल्या वर्गात नाव घालते आणि नोकरीही ठेवते, एवढंच तिचं म्हणणं. त्यावर दाजी म्हणाले, "काम करायचं होतं तर शिकवलं कशाला?"

आता हे वाक्य एकट्या दाजींचं असतं तर मी भरताबरोबर गिळलं असतं. पण ते धुळ्यापासून भुसावळपर्यंत अख्ख्या खानदेशाचं आहे. कापूस वेचणारा, केळीचे घड वाहणारा बाप पोराला शिकवतो तो त्याच्या हाताला काळं लागू नये म्हणून. त्याच्या मायेला मी नावं ठेवीत नाही. गंमत एवढीच, की हात काळे होऊ नयेत म्हणून तो पोराला घालतो कुठे, तर इंजिनिअरिंगला! म्हणजे पाण्याची भीती वाटते म्हणून पोराला कोळ्याच्या घरी दत्तक देण्यासारखं झालं.

"आणि काम करत शिकायला," दाजींनी पुढची भाकरी मोडली, "तुमच्यासारखी नऊ वर्षं लावायची का तिनं?"

हे मात्र वर्मी लागलं, कारण ते खरं आहे. मी जळगावला डिप्लोमा केला, धुळ्याला एका कारखान्यात लागलो आणि रात्री एएमआयईचा अभ्यास धरला. कॉलेजात न जाता, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षा देत पदवीच्या तोडीला पोचण्याची ती वाट. सेक्शन ए, मग सेक्शन बी, वर्षातून दोनदा परीक्षा. मी कधीकधी दोन्ही वेळा नापास होत असे. धुळे-जळगाव एस.टी.त पारोळ्यापर्यंत पुस्तक वाचावं, एरंडोलला डुलकी लागावी आणि बांभोरीला गिरणेच्या पुलावर जागं होऊन शेजाऱ्याची माफी मागावी, असा माझा विद्यार्थीदशेतला क्रम होता. घरचं लग्नकार्य कितीही जवळचं असो, त्याला मी निम्माच हजर असे. उरलेला निम्मा सेक्शन बी मध्ये असे. मुली पाहायला गेलो तेव्हा एका सासऱ्यानं (होता होता राहिलेल्या) विचारलं, "डिगरी शे का?" मी एएमआयई समजावून सांगू लागलो. माझं संपेपर्यंत पोहे गार झाले होते आणि मुलगी आत गेली होती.

पण नऊ वर्षं का लागली, हे दाजींनी कधी विचारलं नाही. कारखान्यात एक मिस्त्री होते. बेअरिंग तेलात तापवून शाफ्टवर बसवायचं काम त्यांनी मला शिकवलं. ५० मिलिमीटर भोकाचं बेअरिंग ८० अंशांनी जास्त तापलं की ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फुगतं. तेवढ्याच फटीत ते सरकन बसवायचं आणि निवलं की ते शाफ्टला असं धरतं, की पुढं काढायला पुलर लावावा लागतो. मिस्त्री सुतात बोलत, ०.०५ हा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. तेलावर तळवा धरून ते नुसतं 'हं' म्हणत. हे काम मी दर आठवड्याला करत होतो. आणि परीक्षेत याच तापवून बसवण्याच्या जोडाचा हिशेब आला, तेव्हा सूत्र आठवलं नाही म्हणून मी त्या पेपरात गेलो! मिस्त्रींना सूत्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि सूत्र काढणाऱ्याला मिस्त्री कुणी दाखवला नव्हता. दोघांच्या मधे मी, नऊ वर्षं.

म्हणून माझं भांडण दाजींशी कमी आणि त्यांच्या वाक्याला बळ देणाऱ्या व्यवस्थेशी जास्त आहे. आपल्याकडे काम आणि शिक्षण जोडायचं म्हणजे दोन्ही ओझी एकाच पाठीवर बांधायची. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात १९७३ साली पदवीधर आणि डिप्लोमावाले इंजिनिअरही आणले. म्हणजे आधी चार वर्षं शिकून इंजिनिअर व्हायचं आणि मग शिकाऊ व्हायचं! आधी बारसं, मग बाळंतपण. 'कमवा आणि शिका' म्हणून भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे हजारो पोरांचा संसार उभा केला. आज कॉलेजांतून ती योजना बहुधा बागेला पाणी आणि ग्रंथालयातली धूळ इथवर येऊन थांबते. गुलाबाला पाणी घातल्यानं मेकॅनिकलचा पेपर सुटत नाही. आणि सोयीच्या वेळच्या वर्गातही दिवसभर लेथवर जे केलं त्याचं खातं निराळंच.

स्टुटगार्टला डाइमलर-बेंझ आणि बॉश या कंपन्यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हे कोडं सोडवलं. पोरानं तीन महिने वर्गात, तीन महिने कारखान्यात असं आलटून पालटून राहायचं, पगार चालू, आणि कारखान्यातल्या कामाचेही गुण. इंग्लंडनं २०१५ पासून तोच मार्ग पदवीसाठी धरला. तिथल्या पोरांचे हात काळे होतात आणि बापांना लाज वाटल्याचं ऐकिवात नाही. (वाटली तरी ते इंग्रजीत वाटून घेत असतील.)

आपल्याला तर एवढं लांब जायचंही कारण नाही. जळगावच्या विद्यापीठाला आपण २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, शेतात आणि जात्यावर काम करता करता तिला सुचत गेलं. काम आणि विद्या यांच्यात भिंत नसते याचा एवढा मोठा पुरावा कमानीवर लावून आत आपण काय करतो? खुद्द बहिणाबाई आल्या असत्या तर खिडकीतून पहिला प्रश्न आला असता: "रेग्युलर की एक्स्टर्नल?"

हे सगळं मी दाजींना त्याच रात्री ऐकवलं. त्यांनी शांतपणे बडीशेप पुढं केली आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण लग्नाच्या बायोडाटात काय लिहायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बायोडाटाचं काय झालं ते मघाशी सांगितलंच आहे.

भाचीनं मात्र आम्हा दोघांनाही न विचारता नाव घातलं. सुट्टीच्या दिवशी प्रोजेक्टचा फॉर्म घेऊन धुळ्याला आली. कारखान्यातल्याच एका मशीनवर तिचं काम चाललंय. फॉर्मवर सह्यांना तीन जागा: मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य. "मामा, फोरमनची सही कुठे घेऊ? सगळं त्यांनीच तर दाखवलं." मी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. मग खाली समासात पट्टीनं एक रेघ ओढून दिली.

"कॉलेज घेईल का?"

"नाही घेतला तर माझ्याकडे आण," मी म्हणालो. "नऊ वर्षं फॉर्म भरलेत मी."