हिशेबाची वही : बिनतारी बिटकॉइन आणि आपला घामाचा पैसा



इंटरनेट बंद असले तरी बिटकॉइन नावाचे आभासी चलन रेडिओवरून पाठविता येते, हे ऐकून आपल्या शिकलेल्या पोरांचे डोळे विस्फारतात. हे खरे आहे काय? होय, खरे आहे. पण अर्धे समजलेले खरे गरिबाला फार महाग पडते. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

बिटकॉइन म्हणजे नाणे नव्हे, नोटही नव्हे. ती एक हिशेबाची वही आहे. जानेवारी २००९ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. 'माझ्याकडून इतके, अमक्याला' अशी नोंद लिहायची आणि तिच्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करायची. ही सही गणिती असते. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही आणि नोंद बाद होते. म्हणून ती कोणाच्याही हाती पाठविली तरी चालते. उघड्या पोस्टकार्डासारखी ती सर्वांना वाचता येते, पण खाडाखोड कोणालाच करता येत नाही.

अशी एक साधी नोंद सुमारे सव्वादोनशे बाइटची असते. अक्षरांत मांडली तर साडेचारशे अक्षरे, म्हणजे तीन एसएमएस. एवढा लहान निरोप न्यायला इंटरनेटच कशाला हवे? फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनडातील टोरांटो आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को यांच्या दरम्यान रोडोल्फो नोव्हाक व एलेन ओऊ यांनी हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर बिटकॉइनचा व्यवहार करून दाखविला. अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. एकेकाळी आपल्या घरात रेडिओ सिलोनची गाणी ज्या शॉर्टवेव्हने येत, तीच ही वाट. लहरी आकाशातील विद्युतभारित थरावरून परतून दूरवर खाली उतरतात.

त्याआधी २०१७ साली ब्लॉकस्ट्रीम या कंपनीने भाड्याच्या उपग्रहांवरून ही सारी वही प्रक्षेपित करायला सुरुवात केली. डिश लावून ती उतरवून घेता येते, पण त्या डिशवरून नोंद वर पाठविता येत नाही. आफ्रिकेत २०२२ साली 'मचानकुरा' ही सेवा निघाली. साध्या फोनवर नंबर फिरवून तिच्यामार्फत बिटकॉइन देता-घेता येऊ लागला. मात्र तेथे किल्ली सेवा चालविणाऱ्याकडे राहते. म्हणजे भरवसा पुन्हा दुसऱ्यावरच.

रेडिओचेही तसेच आहे. नोंद ऐकणाऱ्या माणसाकडे किंवा त्याच्या पुढच्या कोणाकडे तरी इंटरनेट असावेच लागते. त्याने ती जगाच्या वहीत पोचविली तरच व्यवहार पुरा होतो. इंटरनेट संपले नाही, ते फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात गेले. शिवाय आपल्या देशात हॅम रेडिओला परीक्षा व सरकारी परवाना लागतो आणि त्यावरून पैशाच्या, धंद्याच्या कामाचे निरोप पाठवायला मनाई आहे.

मग या खटपटीची गरज का वाटते? कारण इंटरनेट बंद करणे सरकारच्या हाती असते. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ रोजी ते बंद झाले आणि फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परतले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही, आणि त्यावरून चालणाऱ्या व्यापार-व्यवसायालाही घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. बाबासाहेबांच्या राज्यघटनेचा हा आधार कोणत्याही अँटेनापेक्षा उंच आहे.

आता मुद्दा आपल्या घराचा. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते आणि मार मजुराला बसतो. चलन काढणाऱ्यावर मर्यादा हवी, असेही त्यांनी मांडले. बिटकॉइनवाले म्हणतात, 'आमच्याकडे मर्यादा आहे. २ कोटी १० लाखांवर नाणी निघणार नाहीत.' ठीक. पण बाबासाहेबांची कसोटी तेवढीच नव्हती. पैशाची खरेदीशक्ती स्थिर राहते का, हा त्यांचा प्रश्न होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला होता. वर्षभरात तो १६ हजारांच्याही खाली गेला. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्याने अशा वहीत पोरीच्या शिक्षणाचे पैसे ठेवावेत काय?

त्यातून नफा झालाच तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर लागू झाला आहे. किल्ली हरवली तर दाद मागायला शाखाधिकारीही नाही. आणि फसवणारे निराळेच. पुणे पोलिसांनी २०१८ साली 'गेनबिटकॉइन' योजनेच्या प्रमुखास अटक केली. तिच्यात दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. वर्षाला १२० टक्के! कोणत्या सरळ धंद्यात हे बसते?

इंटरनेटविना पैसे पाठवायचेच असतील तर साध्या फोनवरून रुपयेच जातात. बँक खात्याला जोडलेल्या नंबरवरून *९९# फिरवा, किंवा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या यूपीआय १२३पे ची माहिती आपल्या बँकेत विचारा. पिन मात्र कोणालाही सांगू नका.

पोरांनो, रेडिओ शिका, हॅमची परीक्षा द्या, ही सही कशी चालते ते समजून घ्या. विज्ञानाला आपला धम्म कधीच घाबरला नाही. पण कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश पैशालाही लागू आहे. आणि माता-भगिनींनो, घरातला कर्ता दुप्पट पैशाच्या गोष्टी बोलू लागला, तर आधी कागद मागा. कागदावर कोणाची सही आहे, ती नीट वाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!