पोटमाळ्यावरची रेल्वे नेमकी कोणत्या सालातली?

१/ घराच्या पोटमाळ्यावर छोटी रेल्वे मांडणे हा निवृत्त इंग्रज गृहस्थांचा वेळ घालवण्याचा उद्योग, असा आपल्याकडे समज आहे. या धाग्यात मी वेगळे मत मांडणार आहे. ती रेल्वे प्रामाणिकपणे मांडली तर ते इतिहासलेखनच असते, आणि कागदावरच्या इतिहासापेक्षा ते लेखकाला पुष्कळदा अधिक अडचणीत आणते. हे समजून घेण्यासाठी आधी इंग्लंडमधल्या एका लहानशा दरीत जाऊ आणि तिथून बार्शीला येऊ. हा रस्ता मी ओढूनताणून काढलेला नाही. तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अभियंत्याने आखून ठेवला आहे.

२/ प्रथम जागेविषयी थोडे. ब्रिटनमधल्या जुन्या घरांच्या उतरत्या छपराखाली बऱ्यापैकी मोकळी जागा असते. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे कारखान्यात तयार झालेल्या कैच्या छपरांना बसू लागल्या. त्यांच्या आडव्यातिडव्या लाकडांनी ही जागा अडते, म्हणून असा छंद असलेल्यांना जुनी घरे प्रिय. आपल्या फ्लॅटमध्ये ‘लॉफ्ट’ म्हणजे स्वयंपाकघरावरचा काँक्रीटचा कप्पा. तिथे जुनी पिंपे आणि गाद्याच मावतात. वाड्यातला किंवा कौलारू घरातला माळा मात्र या कामाला उत्तम, फक्त उन्हाळा सोसायची तयारी हवी. तापमान तीस अंशांनी वाढले तर चार मीटर लांबीचा निकेल-सिल्व्हरचा रूळ सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. सांध्यांत फट ठेवली नाही तर वैशाखात तो वाकतो. खऱ्या रेल्वेच्या अभियंत्यांनाही याच प्रश्नाने छळले आहे.

३/ आता मूळ मुद्दा. पुस्तक लिहिणारा माणूस ‘स्थानकावर वर्दळ असे’ एवढे लिहून पुढे जाऊ शकतो. स्थानक घडवणाऱ्याला ती सोय नाही. वर्दळ म्हणजे किती माणसे? त्यांच्या डोक्यावर काय? फलाट दगडी की मातीचा? दिवा रॉकेलचा की विजेचा? पाटीवर कोणती लिपी? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सालागणिक बदलते. म्हणून पहिला रूळ ठोकण्याआधी एक साल निवडावे लागते. ज्याने साल निवडले नाही, त्याची मांडणी सुंदर खेळणे होईल. इतिहास होणार नाही.

४/ हे ज्याने सर्वांत गंभीरपणे घेतले तो रॉय इंग्लंड. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये तो तरुणपणी इंग्लंडला आला. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली गवताने शाकारलेली घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती, गवत जाऊन नव्या साहित्याची छपरे चढत होती. एकेक घर मोजून, टिपून त्याने १:७६ या प्रमाणात त्या खेड्यांचे जग उभारायला घेतले. त्यातूनच लाँग विटनम या गावी १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय उभे राहिले. तिथे रेल्वे आहे, पण खरा विषय खेडे आहे. आपल्या इतिहासप्रेमींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याला गाड्यांचा छंद होता हे खरे, पण जे नाहीसे होत होते त्याची मोजमापांसह नोंद ठेवण्याची निकड त्याहून मोठी होती.

५/ ब्रिटिश छांदिष्टांची आणखी एक लाडकी जागा म्हणजे स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे. लांबी जेमतेम सव्वाआठ मैल, रुळांमधले अंतर अडीच फूट. जून १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. म्हणजे तिला पुरती तीस वर्षेही मिळाली नाहीत. इंजिने दोनच, प्रवासी डबे चार. लहान रेल्वे, सुंदर दरी, मोजकी वाहने: माळ्यावर मांडायला याहून सोयीचे काय असणार?

६/ पण तिथेही सालाचा फास आहेच. सुरुवातीला डबे फिकट पिवळ्या रंगाचे होते, पुढे ते गडद लाल झाले. मोठ्या रेल्वेची वाघीण चाकांसकट उचलून छोट्या रुळांवरून नेणारे खास वाहक डबे या मार्गावर होते. पुढच्या काळात त्यांवर दुधाच्या टाक्यांच्या वाघिणी चढल्या. ब्रिटनमध्ये तशा टाक्या १९२७च्या सुमारास वापरात आल्या. आता कोणी पिवळे डबे आणि दुधाची टाकी एकाच गाडीला जोडली, तर दिसायला ते मोहक दिसेल, पण ती गाडी कोणत्याही सालातली नसेल. एक्टन येथली दूधडेअरी १९३२च्या सुमारास बंद झाली आणि लवकरच रेल्वेही गेली. ही कार्यकारणाची साखळी आहे, आणि चुकीच्या सालातली एक टाकी ती तोडू शकते.

७/ त्या दोन इंजिनांपैकी एकाचे नाव होते ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. इंजिनांपुढे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडच्या दरीत ते विचित्र दिसत, कारण ती धाटणी वसाहतींतल्या इंजिनांची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला होता. आपल्याकडे वावरताना त्याच्या मनात स्वस्त, हलक्या आणि तरीही भक्कम रेल्वेची कल्पना रुजली. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे.

८/ कॅलथ्रॉपचा विचार साधा होता. प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपुरता ठेवला, तर हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो. बार्शीसाठी बनवलेल्या गाड्या जहाजावर चढण्याआधी, १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरत्या मार्गावर चालवून दाखवल्या होत्या. १८९७ मध्ये मुख्य मार्गापासून बार्शीपर्यंतचा टप्पा सुरू झाला. पंढरपूर १९०६ मध्ये जोडले गेले, लातूर १९११ मध्ये आणि मिरज १९२७ मध्ये. म्हणजे मॅनिफोल्डची दरी ही बार्शीची धाकटी बहीण. आधी बार्शी, मग स्टॅफर्डशायर. शोध युरोपात लागतात आणि मग वसाहतींत पोचतात, असे चित्र आपल्या मनात असते. इथे अनुभवाची वाट उलटी आहे.

९/ आता माझी तक्रार. तीस वर्षेही न टिकलेल्या धाकट्या बहिणीची प्रतिकृती परदेशातल्या माळ्यांवर आवडीने घडवली जाते. थोरली शतकाहून अधिक काळ धावली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. पंढरपूरच्या वाटेवर तिच्यातून प्रवास केलेली माणसे आज हयात आहेत. आपण मात्र तिच्याकडे ‘ती जुनी छोटी गाडी’ एवढ्याच कौतुकाने पाहतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहून हरखून गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्या हरखण्यातून पुढची पायरी एका विशिष्ट स्थानकाकडे आणि एका विशिष्ट सालाकडे जावी, असे मला वाटते.

१०/ यात एक गंमतीदार योगायोग आहे. बार्शीचे माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होते. ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटरच्या रेल्वेंसाठी नऊ मिलिमीटरचे तयार रूळ युरोपात बनतात. ते बार्शीला जवळजवळ तंतोतंत बसतात. ब्रिटिश छांदिष्ट १:७६ हे प्रमाण वापरतो. त्या हिशेबाने नऊ मिलिमीटरचा रूळ सव्वादोन फुटांचा होतो आणि मॅनिफोल्डला तीन इंच कमी पडतो. म्हणजे तयार रुळांवर बार्शी मॅनिफोल्डपेक्षा अचूक मांडता येईल! आपले ब्रॉडगेज मात्र या प्रमाणात १९.२ मिलिमीटर होते. बाजारातले साडेसोळा मिलिमीटरचे रूळ युरोपीय मापाचे आहेत. त्यांवर डेक्कन क्वीन चालवली तर ती अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसते.

११/ ‘इतका काटेकोरपणा कशाला, आनंद घ्या ना,’ असे कोणी म्हणेल. दिवाळीचा किल्ला आठवा. वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी प्लास्टिकची जीप, शेजारी वाघ, आणि बंदूकधारी सैनिक तटावर. तो किल्ला मलाही आवडतो. त्याला साल नसतेच, तो सणाचा आहे. पण गेल्या काही वर्षांत अनेक मंडळे राजगडाची, प्रतापगडाची हुबेहूब प्रतिकृती करू लागली आहेत. त्यांना दरवाजाचे तोंड कोणीकडे आणि बुरूज कोणत्या राजवटीतला, असे प्रश्न पडू लागले. प्रश्न पडले म्हणून ते पुस्तकांकडे आणि प्रत्यक्ष गडावर गेले. काटेकोरपणाने आनंद वाढलाच.

१२/ मग बार्शीचे कोणते साल निवडावे? सहज वाटेल, उद्घाटनाचे: १८९७. कमानी, पताका, नवे कोरे इंजिन. पण १८९६-९७ हे सोलापूर जिल्ह्यातल्या भीषण दुष्काळाचे वर्ष आहे. फलाटावर पताका लावल्या आणि कुंपणाबाहेरची उपाशी माणसे वगळली, तर ते वगळणे हीच तुमची बाजू ठरते. लेखक एका उपवाक्यात दुष्काळ उरकू शकतो. मॉडेलकाराला दोन सेंटिमीटर उंचीचा हाडकुळा माणूस हाताने घडवून कुठेतरी उभा करावा लागतो. ते जमत नसेल तर ते साल निवडू नये.

१३/ माझा कौल कुर्डुवाडीला आहे, आणि साल १९२७ नंतरचे. तेव्हा मिरजेपासून लातूरपर्यंत संपूर्ण मार्ग चालू होता. पण मुख्य कारण वेगळे आहे. कुर्डुवाडीला दोन मापांचे रूळ एकमेकांना भेटत. कापसाच्या गाठी, धान्याची पोती छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत जात, तीही माणसांच्या पाठीवरून. मॅनिफोल्डमध्ये हे काम टाळण्यासाठी अख्खी वाघीण उचलणारे डबे होते. कुर्डुवाडीला हमाल होते. रेल्वेचे आपले बहुतेक चित्रण इंजिनाच्या धुरापाशी थांबते. या स्थानकात मात्र श्रम मध्यभागी आणल्याशिवाय मांडणीच पुरी होत नाही, कारण हमाल नसतील तर माल रुळांच्या सीमेवर अडून राहतो.

१४/ अडचणी आहेत. ब्रॉडगेजचा तुकडा हाताने बनवावा लागेल, पण तिथे वाघिणी नुसत्या उभ्या केल्या तरी चालेल. बाजारात मिळणारी बहुतेक माणसे कोट-टोपीवाली युरोपीय. त्यांना धोतर, मुंडासे, नऊवारी नेसवायची तर पातळ टिश्यूकागद आणि पातळ केलेला फेव्हिकॉल लागतो, शिवाय चिमटा आणि संयम. जागेचे म्हणाल तर मूळचा एकवीस मैलांचा बार्शी मार्ग १:८७ मध्येही जवळजवळ चारशे मीटर होतो. म्हणून एकच स्थानक करा, आणि दोन्ही टोकांना पडद्याआड गाड्या लपवायला जागा ठेवा. कापलेला प्रदेश चालेल. कापलेले साल चालणार नाही.

१५/ आणि गाडी नुसती गोल फिरवू नका. पीटर डेनी नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने बकिंगहॅम नावाचे एक स्थानक दशकानुदशके घडवले. त्याने काळ निवडला १९०७च्या आसपासचा आणि गाड्या वेळापत्रकानुसार चालवल्या. पडद्यामागचे यार्ड आधी त्याचा मुलगा क्रिस्पिन सांभाळी. पुढे त्याच्या जागी डेनीने एक यंत्रच तयार केले आणि त्याला नाव दिले ‘स्वयंचलित क्रिस्पिन’. (मुलाला काय वाटले असेल, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) वेळापत्रक पाळू लागलात की कळते, एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत थांबणे म्हणजे काय. आषाढीच्या जादा गाड्या घुसवून पाहा. कुर्डुवाडीचा स्थानकप्रमुख त्या आठवड्यात किती झोपत असेल याचा अंदाज तेव्हा येईल.

१६/ सुरुवात रुळांपासून करू नका. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, लातूरकडच्या घरांतून जुने अल्बम निघतात. लग्नाच्या वऱ्हाडाची, वारीची, बदलीच्या निरोपसमारंभाची छायाचित्रे. मागे कुठेतरी डब्याचा कोपरा, फलाटाची कड, दिव्याचा खांब येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पाणी भरायला इंजिन किती वेळ थांबे, दरवाजा आत उघडे की बाहेर, पोती कोण उचलत, त्यांना काय नावाने हाक मारत. छायाचित्र हाती आले की आधी उलटे करा. मागे तारीख असेल तर तुमचे साल ठरले.