प्रौढ खजुरावर कोयता कां?

थरच्या वाळवंटांत जैसलमेर, बाडमेर व बिकानेर या जिल्ह्यांत 2008 च्या सुमारास ऊतिसंवर्धित खजुराच्या लागवडीस आरंभ झाला. त्या वेळचीं रोपें आतां पूर्ण वाढलेलीं झाडें झालीं आहेत. रोप लहान असतां त्यास कुंपण, सावली, पाणी सर्व वेळेवर मिळतें. परंतु झाड फळास आलें, कीं धन्याची नजर बहुधा घडांपुरतीच उरते. खजुराचे पाय पाण्यांत व मस्तक अग्नींत असावें, अशी अरबांची म्हण आहे. तेव्हां ऊन हा या झाडाचा शत्रु नव्हे. अवेळीं चाललेला कोयता व उथळ पाणी हेच त्याचे खरे शत्रु, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हिरव्या झावळ्या छाटल्या म्हणजे उन्हाळ्यांत पाणी कमी लागतें, असें छाटणीचें समर्थन केलें जातें. यांत मुळींच तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु पाण्याबरोबर अन्नही घटतें, याचा विसर पडतो. एका घडाच्या पोषणास सुमारें 8 ते 9 हिरव्या झावळ्या लागतात, आणि एकेक झावळी 3 ते 7 वर्षें टिकते. ती आज तोडणें म्हणजे पुढील हंगामांच्या उत्पन्नास आज हात घालणें होय. पिवळी पडूं लागलेली झावळीही घाईनें काढूं नये. जमिनींत पालाश कमी पडल्यास झाड तो जुन्या पानांतूनच नव्या पानांस पुरवितें. पूर्ण वाळलेल्या झावळ्या व काटे मात्र अवश्य काढावेत.

दुसरी हानि याहून मोठी आहे. आंब्याच्या खोडाची जखम कालांतरानें सालीनें झांकली जाते. खजुराची जखम कधींच भरून येत नाहीं. ताज्या जखमेच्या वासानें तांबडा सोंड्या भुंगा येऊन तेथें अंडीं घालतो. कोंकणांतील नारळबागाइतदारांस याची ओळख करून देणें नको. मूळचा दक्षिण आशियांतील हा कीटक 1980 नंतरच्या दशकांत आखाती देशांत शिरला व तेथील खजूरबागांचें त्यानें अतोनात नुकसान केलें. अळ्या खोड आंतून पोखरतात. तांबूस रस व चोथा बाहेर दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. खजुराच्या खोडास कोंब एकच. तो गेला कीं खोड गेलें. म्हणून फुटवे काढणें वा छाटणें थंडीच्या दिवसांत करावें व जखमेवर लगेच कीटकनाशक लावावें.

पाण्यासंबंधानेंही असेंच आहे. पाणी घेणारीं बहुतेक मुळें 2 मीटर खोलीच्या आंत पसरलेलीं असतात. रोज वरची वीतभर वाळू भिजविली तर पाणी उन्हानें उडतें व क्षार मागें सांचतात. म्हणून प्रत्येक पाळी खोल मुरेल अशी द्यावी. वाळू ओल फार धरीत नसल्यानें दोन पाळ्यांतील अंतर मात्र बेताचें ठेवावें. ठिबकाच्या नळ्या रोपाच्या वेळीं खोडाजवळ घातलेल्या असतात. झाड वाढलें तशा त्या बाहेर सरकविल्या पाहिजेत.

महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतही आतां कांहीं शेतकरी खजूर लावूं लागले आहेत. त्यांनीं रोपें आणण्यापूर्वीं एकदां मोठ्या झाडांची बाग पाहून यावी, आणि पहिल्या पांच वर्षांच्या खर्चाबरोबर पुढील पन्नास वर्षांच्या निगेचाही हिशेब मांडावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.